'बीट' म्हणजे नेमकं काय? मामाजींचं बीट आणि डिक्शनरीतलं बीट

(हा ताज्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना जिथं अडखळले ते काढून टाकलंय, बाकी जवळजवळ तसंच ठेवलंय. ज्यांच्या गावात नेट टिकत नाही त्यांच्यासाठी आपण हे लिहून टाकतो, हे जुन्या मंडळींना माहीत आहेच.)

आजचा शब्द मी निवडलेला नाही. तो सिंदेवाही तालुक्यातल्या एका मुलीनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या आवाजी निरोपातून आलाय. मुलगी वनरक्षक भरतीची तयारी करतेय. पहाटे उठून ३ किलोमीटर धावण्याचा सराव, मग घरचं काम, आणि संध्याकाळी अभ्यास. २०२३ च्या भरतीत १२० गुणांच्या लेखी परीक्षेत इंग्रजीला ३० गुण होते. धावणं जमतं, मराठी जमतं, पण हे ३० गुण म्हणजे घशात अडकलेलं हाडूक, असं तिचं म्हणणं.

तिचा निरोप तिच्याच शब्दांत सांगते. "मॅडम, सराव पेपरमध्ये एक वाक्य होतं जी. 'द गार्ड वॉज डेड बीट आफ्टर वॉकिंग हिज बीट.' गार्डचं काय झालं, असं विचारलं होतं. पर्याय होते: मारला गेला, खूप थकला, रस्ता चुकला, रागावला. मी 'मारला गेला' लिहून आली. चुकलं, ते ठीक आहे. पण मला एक सांगा. माझे मामाजी बीट गार्ड आहेत. आमच्या घरी बीट म्हणजे जागा. मामाजींचं बीट. डिक्शनरी उघडली तर बीट म्हणजे मारणं. जंगलाला मारण्याचा शब्द कसा काय लागला?"

मी हा निरोप दोनदा ऐकला. इतकी वर्षं इंग्रजी शिकवते, चंद्रपुरात राहते, वनविभागाच्या पाट्या रोज बघते, आणि हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. म्हणून आजचा सगळा भाग तिच्या या एका प्रश्नावर.

आधी 'बीट'ची जागा बघू. आपल्या दोन जिल्ह्यांत, म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोलीत (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता), जंगलाची वाटणी कशी असते ते खेड्यातल्या पोरालाही माहीत असतं. सगळ्यात वर वनविभाग. त्याच्या खाली वनपरिक्षेत्र, म्हणजे रेंज. तिथले साहेब आरएफओ, जुनी माणसं 'रेंजर साहेब' म्हणतात. रेंजच्या खाली राउंड, म्हणजे उपक्षेत्र. राउंडच्या खाली बीट. आणि बीटमध्ये नंबर घातलेले कक्ष, म्हणजे कंपार्टमेंट. बीटला सरकारी मराठीत 'नियतक्षेत्र' म्हणतात. हा शब्द तुम्ही पेपरात वाचलाय, आणि बहुतेक वेळा वाईट बातमीत वाचलाय. मोहफूल वेचायच्या नाहीतर तेंदूपत्त्याच्या दिवसांत बातमी येते ना, अमुक वनपरिक्षेत्र, तमुक उपक्षेत्र, ढमुक नियतक्षेत्र, कक्ष क्रमांक इतका, तिथं वाघाच्या हल्ल्यात एक जण ठार. पंचनाम्यातही हाच क्रम असतो. तेव्हा 'बीट' हा आपल्याकडं नुसता इंग्रजी शब्द नाही, पत्ता आहे.

आणि फक्त जंगलातच नाही. पोलीस ठाण्यात बीट जमादार असतो, अमुक गावं त्याच्या बीटमध्ये. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकाबाईंचं बीट असतं. जिल्हा परिषदेच्या शाळांचं बीट असतं. 'बीटस्तरीय क्रीडा स्पर्धा' असा बॅनर तुम्ही बघितलाच असेल, कदाचित त्या स्पर्धेत खोखोही खेळला असाल. पत्रकार सांगतात, 'माझ्याकडे क्राइम बीट आहे.' एवढ्या सगळ्या बीटांमध्ये कोणी कोणाला मारत नाही (शाळेबद्दल मी पूर्वी एवढ्या खात्रीनं बोलले नसते).

भाजीबाजारातलं लाल बीट मात्र यात धरू नका. त्याचं स्पेलिंग वेगळं, मूळ वेगळं, तो शब्द लॅटिनमधून आलाय. मराठीत लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात, एवढाच संबंध. आणि 'थोडंसं' या अर्थाचा 'बिट' ऱ्हस्व आहे. 'अ बिट टायर्ड' म्हणजे जरासा थकलेला. तो दीर्घ केला की घोटाळा. आपल्याकडं इंग्रजी बोलताना ऱ्हस्व-दीर्घ सर्रास एक होतं, म्हणून सांगून ठेवते.

आता मुळाकडे. 'बीट' हे क्रियापद इंग्रजीत फार जुनं आहे, हजार वर्षांहून जुनं. अर्थ: मारणं. पण एकदाच मारणं नाही. एकदा थप्पड मारली तर इंग्रजीत 'हिट' किंवा 'स्लॅप'. 'बीट' म्हणजे पुन्हा पुन्हा मारणं. ठोकत राहणं, बडवत राहणं. हा 'पुन्हा पुन्हा' डोक्यात ठेवा. सगळी किल्ली तिथं आहे.

पुन्हा पुन्हा मारल्यानं काय काय होतं बघा. हृदय छातीत पुन्हा पुन्हा ठोके देतं, ते 'हार्टबीट'. आपणही 'ठोका'च म्हणतो. 'माय हार्ट स्किप्ड अ बीट' म्हणजे काळजाचा ठोका चुकला. दोन्ही भाषा इथं एकाच वाटेनं गेल्यात. ढोलावर पुन्हा पुन्हा थाप पडते, तोही 'बीट'. आपला ठेका. झाडीपट्टीच्या नाटकात ढोलकवाल्याचा ठेका चुकला की पुढच्या रांगेतली म्हातारी मंडळी कशी वळून बघतात, ते वडशाकडच्यांना सांगायला नको. अंडं वाटीत घेऊन चमच्यानं फेटतात, तेही 'बीट'. आणि माझं आवडतं उदाहरण: पोहे. पोह्यांना इंग्रजीत 'बीटन राइस' म्हणतात. धान भिजवायचं, भाजायचं आणि कांडून कांडून चपटं करायचं. म्हणजे सकाळी टपरीवर तुम्ही तर्री-पोहा खाता तेव्हा तुमच्या प्लेटमध्ये 'बीट'चं भूतकाळवाचक रूपच असतं. बीट, बीट, बीटन. पहिली दोन रूपं सारखी, तिसरं वेगळं. पोह्याची आठवण ठेवा, तिसरं रूप विसरणार नाही.

कोणी म्हणेल, एका शब्दाचे एवढे अर्थ, इंग्रजी फारच बाई अवघड. मग आपलं 'मारणं' बघा. डोळा मारतो, गप्पा मारतो, शिट्टी मारतो, उडी मारतो, दांडी मारतो, थापा मारतो, हाक मारतो, चक्कर मारतो, बाजी मारतो. यात कोणाला लागलं? एखादा परदेशी माणूस मराठी शिकत असेल तर तो रडकुंडीला येईल. आपल्याला काहीच वाटत नाही, कारण आपण हे अर्थ पाठ केलेले नाहीत, वापरून वापरून आले. आणि गंमत अशी की यातले दोन तर थेट 'बीट'चेच अर्थ आहेत. 'बाजी मारणं' म्हणजे दुसऱ्याला 'बीट' करणं, हरवणं. 'चक्कर मारणं' म्हणजे फिरून येणं. आता त्या चक्करकडेच जाऊ, कारण तिच्या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे.

पायांनी जमीन पुन्हा पुन्हा तुडवली की काय होतं? वाट होते. गवत दबतं, माती घट्ट होते, आणि कोणी न आखताही एक रेघ तयार होते. इंग्रजीत अशा वाटेला 'बीटन ट्रॅक' किंवा 'बीटन पाथ' म्हणतात. पायांनी मारून मारून झालेली वाट. आणि मराठीत? 'मळलेली वाट'. शब्द वेगळा, दृश्य तेच. मळणीत बैल खळ्यात गोल गोल फिरतात, धान तुडवलं जातं. तसंच वाट पायांनी मळली जाते. 'मळलेली वाट सोडून जाणं' याला इंग्रजीत 'ऑफ द बीटन ट्रॅक'. शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर सहसा फसतं, पण इथं दोन्ही भाषांतल्या शेतकऱ्या-गुराख्यांनी एकच गोष्ट बघितली होती.

मग पुढची पायरी. इंग्लंडमध्ये रात्रीचे पहारेकरी असायचे. त्यांची ठरलेली फेरी असायची, या कोपऱ्यापासून त्या पुलापर्यंत, रोज तीच. रोज तीच वाट पायांनी तुडवायची. अठराव्या शतकात या ठरलेल्या फेरीलाच 'बीट' म्हणायला लागले. १८२९ मध्ये रॉबर्ट पील यांनी लंडनमध्ये मेट्रोपॉलिटन पोलीस सुरू केले, तेव्हा प्रत्येक शिपायाला अशीच एकेक बीट वाटून दिली. आधी बीट म्हणजे पायांचा मार, मग बीट म्हणजे वाट, मग बीट म्हणजे फेरी, आणि शेवटी ज्या भागात फेरी मारायची तो भागच बीट. १८६४ मध्ये इंग्रजांनी भारतात वनखातं उभं केलं. जंगलाचे तुकडे पाडून एकेका गार्डाला राखायला देताना त्यांनी हाच शब्द आणला. त्याच वाटेनं आणखी शब्द आले. 'कूप' घ्या. आलापल्लीकडं 'यंदा कूप कुठं पडलंय' असं सहज विचारतात. हा मूळचा फ्रेंच शब्द, अर्थ कापणी, तो इंग्रजी फाइलींमधून सागाच्या बुडाशी येऊन बसला. पण ते असो.

तर ताई, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे. जंगलाला मारण्याचा शब्द लागला नाही. मामाजींच्या पायांना लागला. बीटमध्ये मार खाते ती जमीन, आणि मारतात ते बूट.

अर्धं म्हटलं, कारण उरलेलं अर्धं जरा वेगळं आहे. याच जंगलात 'बीट' या शब्दाचा आणखी एक अर्थ होता, आणि त्यात खरोखर मारणं होतं. हाका.

माझे आजोबा मूलच्या बाजूचे. तरुणपणी ते दोनदा हाक्याला गेले होते. आम्ही लहान असताना उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकल्या की हा किस्सा ठरलेला. पहाटे गावातली माणसं गोळा करायची. कोणाच्या हातात डबा, कोणाच्या हातात ढोल, बाकीच्यांच्या हातात काठ्या. अर्धवर्तुळात उभं राहायचं आणि ओरडत, डबे वाजवत, झुडपांवर काठ्या हाणत पुढे सरकायचं. जनावर आवाजानं पुढे पळणार. पुढे दुसऱ्या टोकाला मचाणावर साहेब नाहीतर राजे-जमीनदार बंदूक घेऊन बसलेले. आजोबा म्हणायचे, "मांगं पाहाचं नाही, ओळ तोडाची नाही." ओळ तुटली तर जनावर त्या फटीतून उलटं फिरतं आणि मग काठीवाल्याचं काही खरं नाही. मजुरी मिळाली का, असं विचारलं की ते हसायचे. हाक्याला जायचं ते कधी पैशावर, कधी बेगारीवर, आणि 'नाही' म्हणायची सोय फारशी नसायची.

साहेबांच्या शिकारीच्या पुस्तकांत या सगळ्याला 'बीट' म्हणतात आणि माझ्या आजोबांसारख्यांना 'बीटर'. कॉलेजात असताना मी असं एक पुस्तक वाचत होते. त्यात 'द बीट बिगॅन' असं आलं आणि मी चक्क समजले की आता गार्डाचं क्षेत्र सुरू झालं. दोन पानं पुढे गेल्यावर वाघ मेला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे बघा, एकच जंगल, एकच शब्द. एका बीटमध्ये वाघाला हुसकावून बंदुकीसमोर आणायचं, दुसऱ्या बीटमध्ये तोच वाघ जिवंत आहे ना, हे बघायला रोज चालायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर पहिला अर्थ आपल्या रानातून गेला. दुसरा राहिला. मधल्या काळात असेही लोक असतील ज्यांचा बाप बीटर होता आणि मुलगा बीट गार्ड झाला.

याच हाक्यातून इंग्रजीतला एक वाक्प्रचार आलाय, आणि तो परीक्षेत हमखास येतो: 'बीट अराउंड द बुश'. मूळ पक्ष्यांच्या शिकारीतलं. काही जण झुडपांच्या आजूबाजूला काठ्या आपटायचे, पाखरं उडायची, आणि ती धरायचं खरं काम दुसरे करायचे. म्हणजे काठ्या आपटणारा झुडपाभोवतीच फिरतोय, पाखराला हात घालत नाहीये. त्यावरून अर्थ झाला: मुद्द्यावर न येता आजूबाजूचं बोलत राहणं. आपण म्हणतो आढेवेढे घेणं, गोल गोल बोलणं. 'डोन्ट बीट अराउंड द बुश' म्हणजे 'सरळ मुद्द्यावर ये'. माझ्या एका विद्यार्थ्यानं याचं भाषांतर 'झाडाझुडपांना इजा करू नका' असं केलं होतं. वनरक्षकाच्या परीक्षेत असतं तर मी त्याला अर्धा गुण दिला असता.

मराठीनं मात्र हाक्यातून नेमका उलटा अर्थ घेतला. आपण म्हणतो 'रान उठवणं'. एखाद्या प्रश्नावरून गावात, पेपरात, सगळीकडं गदारोळ करणं. हे शब्दही शिकारीच्या रानातलेच वाटतात, चारी बाजूंनी आवाज करून रान जागं करणं. इंग्रजांच्या वाक्प्रचारात झुडपाभोवती मारणारा काम टाळतोय. आपल्या वाक्प्रचारात रान उठवणारा सगळ्यांना कामाला लावतोय. हे मला आवडतं, आणि आजोबांनाही आवडलं असतं असं वाटतं.

ढोलावरून आलेला एक वाक्प्रचार राहिला. 'बीट अ रिट्रीट'. पूर्वी लढाईत माघार घ्यायची असली की ढोल वाजवून इशारा देत. २९ जानेवारीला दिल्लीत विजय चौकात 'बीटिंग रिट्रीट' होतं, ते सूर्यास्ताला सैन्य परत बोलावण्याच्या जुन्या रिवाजावरून. रोजच्या बोलण्यात 'ही बीट अ हेस्टी रिट्रीट' म्हणजे त्यानं घाईघाईनं काढता पाय घेतला. पाय इथंही आलाच.

आता तिनं चुकवलेल्या उत्तराकडे यायला हवं. 'मारला गेला'.

ते उत्तर चूक आहे, पण मला ते मूर्खपणाचं वाटलं नाही, आणि का ते सांगते. दर चार वर्षांनी देशात व्याघ्रगणना होते, आणि तिचा पायाच बीट आहे. प्रत्येक बीटमध्ये माणसं ठरलेल्या वाटांनी पायी चालतात, वाघाचे पगमार्क, विष्ठा, झाडावरचे ओरखडे शोधतात, नोंदी करतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबाच्या कोलारा भागात असंच सर्वेक्षण चालू होतं. एक महिला वनरक्षक तीन वनमजुरांबरोबर सकाळी पायी निघाली होती. समोर वाटेत वाघीण दिसली. ते थांबले. मग वळसा घालून दुसऱ्या बाजूनं जायचं ठरलं. वाघिणीनं हल्ला केला आणि त्यात त्या वनरक्षक ताईंचा जीव गेला. त्यांचं नाव मी इथं घेत नाही, आपल्या जिल्ह्यात ते माहीत नाही असं घर कमी असेल. त्यानंतर काही काळ पायी सर्वेक्षण थांबवलं होतं.

ज्या मुलीच्या मामाजींची नोकरी हीच आहे, जिची आई, नंतर फोनवर बोलताना तिनंच सांगितलं, 'दुसरी कोणतीही भरती भर पण ही नको' म्हणते, त्या मुलीला एका वाक्यात 'गार्ड', 'डेड' आणि 'बीट' हे तीन शब्द एकत्र दिसले, तर तिनं दुसरं काय निवडायचं होतं? शहरातल्या पेपर काढणाऱ्याला तो शब्दांचा खेळ वाटला असेल. तिच्या घरात तो खेळ नाही.

पण परीक्षेत गुण हवेत, म्हणून अर्थ नीट समजून घेऊ. इथं 'डेड'चा मरणाशी थेट संबंध नाही. इंग्रजीत 'डेड' पुष्कळदा नुसता जोर द्यायला येतो: पार, अगदी, साफ. 'डेड स्लो' म्हणजे अगदी हळू. खाणीच्या नाहीतर कारखान्याच्या गेटजवळ ट्रकवाल्यांसाठी लिहिलेलं असतं. 'डेड शुअर' म्हणजे अगदी पक्कं. 'डेड टायर्ड' म्हणजे पार थकलेला. आणि हे आपल्याला नवीन नाही. 'मरणाची थंडी', 'मरणाचं ऊन', 'मरणाचा थकलो' असं आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, कोणी मरत नाही. 'डेड बीट'मधलं 'बीट' हे 'बीटन'चं जुनं, तोकडं रूप. मार खाऊन खाऊन चेपलेला, म्हणजे थकलेला. पोह्यासारखा झालेला म्हणा हवं तर. एक सूचना: 'डेडबीट' असा एकच शब्द जोडून आला तर अर्थ बदलतो. अमेरिकेत त्याचा अर्थ घेतलेले पैसे न देणारा, बुडव्या. दोन शब्दांत जागा सोडलीय की नाही ते बघूनच उत्तर द्या.

थकलेला हा अर्थ पुढे अमेरिकेत एका पिढीच्या नावालाही चिकटला. 'बीट जनरेशन' म्हणतात ते जॅक केरुॲक, ॲलन गिन्सबर्ग हे लेखक-कवी. गिन्सबर्ग १९६२-६३ मध्ये भारतात येऊन राहूनही गेला. तो वेगळा विषय, कधीतरी घेऊ.

बाकीचे रोजचे वापर भराभर सांगते. 'बीट' म्हणजे हरवणं, आणि इथं आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक होते. 'इंडिया वन ऑस्ट्रेलिया' असं मुलं लिहितात. नाही. सामना 'विन' करतात, समोरच्याला 'बीट' करतात. 'इंडिया वन द मॅच', पण 'इंडिया बीट ऑस्ट्रेलिया'. मराठीत सामना जिंकतो आणि संघाला हरवतो, तसंच. (आपल्या 'हरवणं'चाही घोळ आहेच. 'मुलाला हरवलं' म्हटलं तर कुस्तीत की जत्रेत, हे पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही.)

'बीट द हीट' म्हणजे उन्हावर मात करणं. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा सरबताच्या जाहिरातींवर हे लिहिलेलं दिसतं. ऊन काही हरत नाही. 'बीट द ट्रॅफिक' म्हणजे गर्दी व्हायच्या आधी निघणं. 'इट बीट्स मी' म्हणजे मला काही कळत नाही बुवा, डोकं चालत नाही. 'बीट इट' म्हणजे चालता हो इथून. मायकेल जॅक्सनच्या १९८२ च्या 'थ्रिलर' अल्बममधलं गाणं याच नावाचं आहे. पोरांना गाणं पाठ असतं, अर्थ विचारला तर 'त्याला मार' असं सांगतात. 'बीट समवन टू इट' म्हणजे आपण करणार त्याआधीच दुसऱ्यानं करून टाकणं. तुम्ही तेंदूपत्ता तोडायला पहाटे चारला उठलात आणि शेजारची काकू तीनलाच निघून गेली, तर 'शी बीट यू टू इट'.

अजून एक, कारण याचं मला स्वतःला हसू येतं. २०१८ मध्ये जागतिक पर्यावरण दिनाचं यजमानपद भारताकडं होतं आणि घोषवाक्य होतं 'बीट प्लास्टिक पोल्युशन'. एका गावात शाळेजवळ तो बॅनर लागला. चौथीतल्या एका मुलानं मला विचारलं, "मॅडम, हे नवीन बीट कुठं झालं?" त्याच्या डोक्यात मूल बीट, सावली बीट, तसं हे प्लास्टिक बीट. मी त्याला हसले नाही. त्याच्या गावात तो शब्द फक्त जागेसाठीच वापरतात, मग त्यानं दुसरं काय वाचायचं?

तर वाक्य पुन्हा घेऊ. 'द गार्ड वॉज डेड बीट आफ्टर वॉकिंग हिज बीट.' पहिलं बीट थकव्याचं, दुसरं बीट जागेचं. आपल्या मराठीत: बीट फिरून फिरून गार्ड मरणाचा थकला. योग्य पर्याय दुसरा, खूप थकला.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी तिला फोन करून एवढं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, मामाजी रोज संध्याकाळी घरी येऊन बूट काढता काढता हेच म्हणतात जी. फक्त इंग्रजीत म्हणत नाहीत." मी विचारलं, आणि आईचं काय? ती जराशी थांबली. मग म्हणाली, फॉर्म निघाला की बघू. सध्या रोज पहाटेचे ३ किलोमीटर चालू आहेत.

पुढच्या भागात तिनंच सुचवलेला शब्द घेऊ: 'रेंज'. तिचं वाक्य असं होतं, "आमच्या रेंजमध्ये रेंज नाही." एटापल्ली, भामरागडकडच्या मंडळींनी याचा अर्थ मला समजावून सांगायची गरज नाही. तुमच्याकडचे 'रेंज'चे आणखी वापर असतील तर आवाजी निरोप पाठवा. लागेल तेव्हा लागेल, मी वाट बघते.